लीप करायची आहे: लोकल, पाठीतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, शाळेत शिक्षिका, दोन मुलं, दुसऱ्याचं सिझर. पॅप तपासणीत (गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) दोष निघाला, मग कॉल्पोस्कोपी (भिंगातून बघणं) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) झाली, रिपोर्ट सीआयएन-२ आला, म्हणजे कॅन्सर होण्याआधीचे पेशींतले बदल. डॉक्टरांनी लीप सांगितली आहे, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरचा खराब भाग तारेच्या लूपने काढायचा. एका ठिकाणी म्हणाले, ओपीडीतच लोकल देऊन, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून, करू, तासाभरात घरी जाल. दुसरीकडे म्हणाले, एक दिवस ॲडमिट व्हा, स्पायनल देऊ, नाहीतर पूर्ण भूल. सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन घेतल्यावर आठवडाभर डोकं दुखलं होतं, त्यामुळे त्याची धास्ती. नवऱ्याचं मत, 'पूर्णच भूल घे, काही कळायलाच नको.' थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी आजार नाही. काय निवडावं?

ताई, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तुम्हाला लोकल पुरेल असं मला वाटतं. पण हे ठरवायला जी गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते ती तुम्ही लिहिलेलीच नाही. बायोप्सीच्या वेळी काय झालं? स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी ठेवणारं उपकरण, घातल्यावर तुम्ही पडून राहू शकलात, की अंग चोरून वर सरकत होतात? चिमट्याने तुकडा घेतला तेव्हा 'आई गं' एवढंच झालं, की घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली? ती तपासणी पाच-सात मिनिटं ठीक निभावली असेल, तर लीपही निभावेल. तेव्हाच असह्य झालं असेल, तर माझं उत्तर बदलेल.

एक कबुली आधीच देते. मी भूलतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या डोक्याशी उभी राहते आणि त्यावरच घर चालतं. तुम्ही लोकल घेतलंत तर मला कुणी बोलावणारही नाही, ते इंजेक्शन स्त्रीरोगतज्ज्ञच देतात. तरीही सांगते, कारण छोट्या कामाला मोठी भूल घेऊन दिवस वाया गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आधी दुखतं काय ते समजून घेऊ. गर्भपिशवीचं तोंड, म्हणजे योनीत वरच्या टोकाला दिसणारा तो गोल भाग, याची संवेदना हाताच्या कातडीसारखी नसते. तिथे स्पर्श, चिमटा, काप फार तीव्रतेने कळत नाही. कळतं ते ताणलं की, आणि तोंडाच्या आतल्या नळीत काही शिरलं की. या भागाच्या नसा कमरेच्या खाली, त्रिकास्थीतून येतात. पिशवीच्या वरच्या भागाच्या नसा मात्र त्याहून बऱ्याच वरून, बरगड्यांच्या शेवटाजवळून येतात. म्हणून तोंडाशी लोकल दिल्यावर काप कळत नाही, पण पिशवी चिडून आवळली तर पाळीसारखी कळ ओटीपोटात येऊ शकते. लोकल 'लागलंच नाही' असं ज्या बायका सांगतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना हीच कळ आलेली असते. तासभर आधी खाऊन घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळी कापण्याच्या वेळी फारसं काही करत नाही, नंतरच्या या कळांना मात्र बरी पडते. दमा किंवा ॲसिडिटीचा अल्सर असेल तर विचारल्याशिवाय ती घेऊ नका.

आता लोकल देतात कसं ते सांगते, कारण ते आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. पाय वर ठेवून स्पेक्युलम लावतात. पिशवीच्या तोंडावर व्हिनेगरसारखं पाणी लावतात, थोडं चुरचुरतं, आणि खराब भाग पांढरा दिसू लागतो. मग दातांचे डॉक्टर वापरतात तसली बारीक लांब सुई घेऊन पिशवीच्या तोंडात घड्याळाच्या काट्यांसारख्या चार जागी थोडं थोडं औषध सोडतात. औषध म्हणजे लिग्नोकेन, ज्याला सगळे झायलोकेन म्हणतात, आणि त्यात बहुधा किंचित ॲड्रेनॅलिन. सुई टोचताना डॉक्टर म्हणतील, 'खोका.' खोकायचं. त्या क्षणी लक्ष तिकडे जातं आणि टोचल्याचं कमी कळतं. साधी युक्ती आहे, पण मी स्वतः पाहिलंय, खोकणारीला कित्येकदा विचारावं लागतं, 'कळलं का?' आणि ती म्हणते, 'दिलं पण?'

ॲड्रेनॅलिनचं मात्र आधी सांगायला हवं, आणि तेच सांगायचं राहून जातं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, तो भाग फिका पडतो, रक्त कमी येतं, औषधही तिथेच टिकतं. पण थोडं औषध रक्तात गेलं की मिनिटभरात छाती धडधडते, मांड्या थरथरतात, दात वाजल्यासारखे होतात. बाईला वाटतं आपल्याला काहीतरी होतंय. काही होत नसतं, दोनेक मिनिटांत ते ओसरतं. सिस्टरने आधी दोन वाक्यांत सांगितलं तर बाई शांत पडून राहते. सांगितलं नाही तर उठून बसते, आणि मग आत सुई असताना पंचाईत होते.

औषध किती द्यायचं याला हिशेब आहे. ॲड्रेनॅलिनशिवायच्या लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोला साधारण ३ मिलिग्रॅम, ॲड्रेनॅलिनसह ७. म्हणजे ५० किलोच्या बाईला नुसतं दिलं तरी १५० मिलिग्रॅम चालतं. १ टक्क्याचं १० मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम. लीपला एरवी एवढ्यात भागतं. त्यामुळे औषध जास्त होण्याचा धोका नीट मोजून दिलं तर दूरच असतो.

दिल्यावर थांबायचं. लोकलचं सगळं यश या थांबण्यात आहे. दोन-तीन मिनिटं, जमलं तर पाच. ओपीडीत बाहेर पंधरा पेशंट बसलेले असतात आणि डॉक्टरांचा हात आधीच लूपकडे जातो. सुरुवातीच्या वर्षांत एका लहान हॉस्पिटलमध्ये मी दुसऱ्याच केससाठी गेले होते. शेजारच्या टेबलावर लोकल देऊन लगेच लूप चालवला. बाई दचकून वर सरकली आणि तापलेली तार योनीच्या भिंतीला लागली. चट्टा छोटाच होता, भरून आला. पण ती पुढच्या तपासणीला आलीच नाही, आणि मला त्या चट्ट्यापेक्षा हे जास्त लागलं. म्हणून तुम्ही सरळ म्हणा, 'डॉक्टर, आधी चिमट्याने टोचून बघा मला कळतंय का, मग सुरू करा.' यात उद्धटपणा काही नाही.

तार फिरते ती पाच-दहा सेकंद. बाकी सगळा वेळ आधीच्या तयारीत आणि नंतर रक्त थांबवण्यात जातो. एकूण दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात मशीनची घूं घूं, धूर ओढणाऱ्या नळीचा आवाज आणि जळका वास येतो. वास आला की घाबरू नका. कंबर हलवू नका, बोला मात्र खुशाल. आमच्याकडे एक मावशी होत्या, अशा वेळी पेशंटचा हात धरून विचारायच्या, 'भाजी काय केली होती सकाळी?' त्यांच्या त्या भाजीने माझ्या कितीतरी इंजेक्शनांचं काम केलंय.

'ओपीडीत म्हणजे स्वस्तातलं उरकायचं काम' असं तुमच्या घरी कुणी म्हणत असेल तर त्यांना सांगा, ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमाच्या निकषात निदान ८५ टक्के उपचार बाह्यरुग्ण विभागात लोकलवर व्हावेत असं लिहिलेलं आहे. याहून सौम्य उपाय, म्हणजे बर्फासारखा थंड प्रोब लावून गोठवणं किंवा १०० अंशाच्या आसपास तापवलेला प्रोब अर्धा मिनिट टेकवणं, यांना तर बहुधा भूलच देत नाहीत. आपल्याकडे १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने मोठा अभ्यास केला. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी करून, दोष सापडला त्यांच्यावर उपचार केल्यावर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे आलं. ज्या दुखण्यासाठी तुम्हाला लीप सांगितली आहे ते कॅन्सर नाही, पण सोडून दिलं तर काही वर्षांनी तिकडे जाऊ शकतं. तेव्हा भूल कोणती या गोंधळात तारीख पुढे ढकलत राहू नका. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, वर्ष गेलं तर बिघडतं. आणि कुणी 'दोन मुलं झालीत, पिशवीच काढून टाकू' म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

स्पायनलकडे येते. इंजेक्शन उत्तम आहे, सिझरला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण लीपला ते म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढण्यासारखं. काम पंधरा मिनिटांचं, पाय जड दोन-तीन तास, कधी चार. तोवर उठता येत नाही आणि लघवी झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. माझ्याच हातून झालेलं सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट, तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम. शेतमजुरी करणारी चाळिशीची बाई, पिशवीच्या तोंडावरचा कोंब काढायचा होता. सर्जन म्हणाले स्पायनल द्या, मी दिलं. सात मिनिटांत काम झालं. दुपारी चारला पाय हलायला लागले, पण लघवी होईना. साडेपाचची तिच्या गावाची शेवटची एसटी गेली. सहाला नळी घालून लघवी काढली. रात्री ती वॉर्डात बसून होती आणि एकच म्हणत होती, 'म्हशीची धार कोण काढंल?' मी तिला सगळं विचारलं होतं, बीपी, शुगर, ॲलर्जी. किती वाजता घरी जायचंय हे विचारलं नव्हतं.

तुमच्या डोकेदुखीबद्दल. आठवडाभर दुखलं, उठून बसलं की वाढायचं आणि आडवं झालं की थांबायचं, असं असेल तर ती स्पायनलचीच डोकेदुखी. सुईने पडलेल्या बारीक छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून ती होते. जाड आणि धारदार टोकाच्या सुईने जास्त, पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुईने बरीच कमी. तरुण बायकांना ती जास्त होते, आणि जिला एकदा झाली तिला पुन्हा होण्याची शक्यता थोडी अधिकच धरतात. त्यामुळे स्पायनलची धास्ती वाटणं तुमच्या बाबतीत रास्त आहे, आणि मी तुमच्यासाठी ते शेवटी ठेवीन. 'पाठीत सुई टोचली म्हणून दहा वर्षं कंबर दुखतेय' हे मात्र मी मान्य करत नाही. बाळंतपण, पोर कडेवर घेणं आणि वर्गात दिवसभर उभं राहणं यांना कुणी दोष देत नाही, सगळा राग आमच्या सुईवर.

राहिली पूर्ण भूल, म्हणजे यजमानांची पसंती. 'काही कळायलाच नको' यात चूक काही नाही. हल्लीची औषधंही चांगली आहेत. प्रोपोफॉल म्हणून दुधासारखं पांढरं औषध सलाईनच्या सुईतून देतो. हातात थोडी आग होते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप. काम संपल्यावर पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतात. 'झालं?' हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. तुमच्यासारख्या धडधाकट बाईला यात धोका कमीच. पण त्याचे म्हणून काही हिशेब आहेत. उपास लागतो: जेवणानंतर ६ तास, नुसत्या पाण्यानंतर २ तास. इथे सगळ्यात जास्त केस कशावर अडतात सांगू? चहावर. 'काही खाल्लं नाही ना?' 'नाही हो, फक्त चहा घेतला.' दुधाचा चहा आमच्या हिशेबात जेवणातच धरायचा. पोटात तो असताना झोपवलं आणि उलटी होऊन फुफ्फुसात गेली, तर पंधरा मिनिटांच्या कामाचा आयसीयू होतो. वजन कमी करायची किंवा शुगरची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं. तुम्हाला घाटात गाडी लागते का? लागत असेल तर भुलीनंतर मळमळ होण्याची शक्यता जास्त. आधी सांगितलंत तर त्याचं औषध देता येतं. शुद्धीवर आल्यावरही २४ तास स्कूटी चालवायची नाही, बँकेच्या कागदावर सही करायची नाही, सोबत कुणीतरी मोठं माणूस हवं.

पूर्ण भूल मी स्वतःहून कुणाला सुचवते? जिला आतली तपासणीच सहन होत नाही तिला. मग कारण काहीही असो, आणि कधी ते कारण फार जुनं, कुणाला न सांगितलेलं असतं. ते विचारून बाईला अवघडवायचं नाही. डाग मोठा असेल, योनीच्या भिंतीपर्यंत गेला असेल किंवा नळीत खोल असेल आणि लूपऐवजी चाकूने शंकूसारखा मोठा भाग काढून टाके घालायचे असतील, तर तिथेही लोकलचा हट्ट धरू नये. आधी एकदा लोकलवर प्रयत्न फसला असेल तिला दुसऱ्यांदा त्याच टेबलावर तसंच झोपवणं मला क्रूरपणा वाटतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टेबलावर बाई हलली तर तार भलतीकडे लागते, तेव्हा जिला हलल्याशिवाय राहवत नाही तिला झोपवणं हाच सुरक्षित मार्ग.

लोकल आणि पूर्ण भूल यांच्या मधलं एक आहे: 'थोडी गुंगी देतो आणि लोकलही देतो.' माझ्या मते घाबरट पण एरवी ठीक असलेल्या बाईला हा मार्ग चांगला. फक्त गुंगी कोण देणार हे विचारा. जे डॉक्टर खाली तार चालवतायत तेच वरून झोपेचं इंजेक्शन 'देऊन टाकणार' असतील, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा नसेल, खोलीत ऑक्सिजन नसेल, तर नको म्हणा. गुंगी कमी-जास्त होते, आणि जास्त झाली की श्वास मंदावतो. त्या वेळी ज्याची नजर तुमच्या छातीवर आहे असा वेगळा माणूस तिथे असायला हवा. अशा गुंगीपेक्षा जागेपणीचं लोकल बरं किंवा माझ्यासारखीला बोलावून नीट दिलेली पूर्ण भूल बरी.

काही जण पिशवीच्या दोन्ही बाजूंना, जरा खोल लोकल देतात, त्याला पॅरासर्व्हायकल ब्लॉक म्हणतात. पिशवीचं तोंड रुंद करायचं असेल तेव्हा त्याचा उपयोग. नुसत्या लीपला तोंडात दिलेलं पुरतं.

दुसऱ्या हॉस्पिटलने ॲडमिट व्हायला का सांगितलं असेल? डाग मोठा असेल, किंवा त्यांच्या ओपीडीत कॉटरी, म्हणजे लूप तापवणारं विजेचं मशीन, नसेल. आणि कधी कधी मेडिक्लेम. पॉलिसीत डे-केअरची व्याख्या असते, त्यात लोकल आणि जनरल दोन्ही भुलींचा उल्लेख असतो, पण ओपीडीत एरवी होणारे उपचार वगळलेले असतात. त्यामुळे 'क्लेम बसावा' म्हणून भूल मोठी होते. पैशाचा विचार करण्यात पाप नाही, पण निदान तसं उघड बोलून ठरवा. 'डाग केवढा आहे, आणि माझ्यासाठी लोकल का चालणार नाही?' एवढं विचारलं की खरं कारण बाहेर येतं.

लोकल ठरलं तर उपाशी जाऊ नका. हलकं खाऊन जा, उपाशीपोटी घेरी जास्त येते. पिशवीचं तोंड हाताळलं की काहींची नाडी एकदम मंदावते, घाम येतो, डोळ्यांपुढे काळोख. टेबल डोक्याकडून खाली केलं की बहुतेकांचं भागतं, नाहीतर नाडी वाढवणारं ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं. ते तिथे आहे ना, आणि हाताला सलाईनची सुई लावून ठेवाल का, हे विचारायला हरकत नाही. पाळी संपल्यावरच्या आठवड्यातली तारीख घ्या. गरोदर असण्याची किंचितही शक्यता असेल तर आधी तपासा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, कॉपर-टी, पेसमेकर, कसलीही ॲलर्जी, सगळं सांगा. कॉटरीची प्लेट मांडीला चिकटवतात, म्हणून पैंजण, जोडवी, कंबरेची साखळी घरीच ठेवा. झोपवणार असतील तर चमकी आणि नेलपॉलिशही काढा, बोटाचा चिमटा गडद रंगातून नीट वाचत नाही. मंगळसूत्र काढायला जड जात असेल तर तसं सांगा, सिस्टर ते तुमच्या माणसाच्या हातात देतात, ड्रॉवरमध्ये टाकत नाहीत.

घरी गेल्यावर दिवसभर पाळीसारखं दुखेल, पॅरासिटामॉल पुरतं. रक्त थांबवायला जो लेप लावतात त्याने दोन-चार दिवस कॉफीच्या गाळासारखं काळपट जाईल, ते बघून घाबरू नका. नंतर दोन-तीन आठवडे पाण्यासारखा किंवा लालसर स्राव. साधारण महिनाभर संबंध नकोत, पोहणं नको. आठ-दहा दिवसांनी खपली सुटताना रक्त पुन्हा जरा वाढू शकतं. तासाला पॅड भिजू लागलं, ताप आला किंवा घाण वास आला तर मात्र सकाळची वाट न बघता निघा.

थायरॉइडची गोळी कोणतीही भूल ठरली तरी त्या दिवशी पहाटे नेहमीसारखी घ्या, घोटभर पाण्याबरोबर. पूर्ण भूल ठरली असेल तर त्यावर चहा तेवढा नको.